कोणता पडदा कुणासमोर



आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे काय आमच्या कामाचं? विषय आहे संगणकाला दुसरा पडदा जोडण्याचा, आणि जोडल्यावर कोणत्या पडद्यावर काय दिसावं ते बदलण्याचा. त्यातही लिनक्सवर चालणाऱ्या संगणकावर. हा विषय घ्यायचं कारण सांगतो. गटातल्या बाईचं कर्ज, तिची थकबाकी, तिचा आधार क्रमांक कुणाच्या नजरेला पडावा आणि कुणाच्या पडू नये, हे आता दोन बटणांवर ठरायला लागलंय. ती बटणं कोणती, ते आपल्याला ठाऊक पाहिजे. प्रोजेक्टर घेऊन येणाऱ्या पोराला ठाऊक असून भागत नाही.

आधी लिनक्सचं, थोडक्यात. आपल्या ग्रामसंघांच्या, प्रभागसंघांच्या कार्यालयात जो लॅपटॉप असतो तो बहुतेक वेळा जुना असतो. विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्ट कंपनीकडून मिळणाऱ्या नेहमीच्या मोफत सुधारणा 14 ऑक्टोबर 2025 ला थांबल्या, आणि विंडोज 11 बऱ्याच जुन्या यंत्रांवर चढतच नाही. म्हणजे यंत्र धड आहे, पण त्याला चालवणारी व्यवस्था शिळी झाली. अशा यंत्रावर लिनक्स घालता येतं. 1991 साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने ते सुरू केलं, जगभरच्या लोकांनी हातभार लावून वाढवलं, आणि ते फुकट मिळतं. त्याचे प्रकार अनेक. आम्ही वापरतो ते लिनक्स मिंट, त्यातही एक्सएफसीई नावाचं हलकं रूप. चार जीबी मेमरीच्या लॅपटॉपवर ते बरं चालतं. शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सचे आणि लिब्रेऑफिसचे धडे मराठी आवाजात फुकट बघायला मिळतात. केरळातल्या सरकारी शाळांमधली लेकरं कित्येक वर्षं अशाच खुल्या व्यवस्थेवर शिकताहेत, तेव्हा हे काही फार अवघड आहे असं मानायचं कारण नाही.

आता पडद्याकडे येऊ. आपल्या कामात लॅपटॉपला दुसरा पडदा लागतो तो दोन वेळा.

एक, अर्ज भरताना. 2024 मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना आली, महिना 1500 रुपयांची, तेव्हा गावोगावी अर्ज भरायला कशा रांगा लागल्या होत्या ते तुम्हाला आठवत असेल. टेबलाच्या पलीकडे बसलेला माणूस खटखट बटणं दाबायचा, आणि अलीकडे बसलेल्या बाईला काय दिसायचं? मॉनिटरची पाठ. आपलं नाव त्याने काय टाकलं, इंग्रजीत सुनीता लिहिताना एक 'आय' घातला की दोन 'ई', बँकेतल्या नावाशी ते जुळतंय का, खात्याचा शेवटचा आकडा बरोबर आहे का, हे तिला कळायला मार्गच नव्हता. कळायचं ते महिन्या-दोन महिन्यांनी, पैसे आले नाहीत म्हणजे. त्या टेबलावर बाईच्या बाजूला तोंड केलेला एक जुना मॉनिटर असता, तर अर्ज पाठवण्याआधीच ती म्हणाली असती, "थांब दादा, ते अक्षर चुकलंय." अक्षरओळख कमी असली तरी आपलं नाव आणि आपल्या खात्याचा आकडा बाई बरोबर ओळखते.

दुसरी वेळ म्हणजे बैठकीची. ग्रामसंघाच्या बैठकीत बचत किती जमली, कर्ज किती वाटलं, बँकेत शिल्लक किती, हे भिंतीवर किंवा समाजमंदिरातल्या टीव्हीवर दाखवलं तर मागे बसलेल्या बाईलाही दिसतं. वही अध्यक्षांच्या मांडीवर आणि बाकीच्या नुसत्या मान डोलवतात, हा प्रकार थांबतो. हिशेब सगळ्यांना दिसला की त्यावर प्रश्न विचारले जातात, आणि ते विचारले गेलेच पाहिजेत.

इथवर सगळं चांगलं. पण एका गावातल्या बैठकीत काय झालं ते ऐका. गाव सांगत नाही, आणि कोण चालवत होतं तेही नाही. बाहेरून आलेल्या कार्यकर्त्याने प्रोजेक्टर जोडला, आणि लॅपटॉपवर जे उघडं होतं ते जसंच्या तसं भिंतीवर आलं. उघडी होती ती थकबाकीची यादी. वरून तिसरं नाव ज्या बाईचं होतं ती दुसऱ्या रांगेत बसलेली. नवऱ्याच्या आजारपणात दोन हप्ते चुकले होते, ते गटाला माहीत होतं, गटाने मुदतही दिली होती. पण त्या दिवशी बैठकीला अंगणवाडीताई होती, शाळेतले गुरुजी होते, दारात चार बाप्ये उभे होते. यादी भिंतीवर अर्धा मिनिट असेल. त्याने गडबडीत तार उपटली. ती बाई त्यानंतर तीन बैठकांना आली नाही. तिच्या घरी जाऊन, समजावून तिला परत आणायला गटाच्या सचिवताईंना दोन महिने लागले. हप्ते तिने नंतर सगळे फेडले.

त्या दिवशी तार जोडणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. दुसरा पडदा दोन तऱ्हांनी लावता येतो, आणि त्याने चुकीच्या तऱ्हेने लावला. या दोन तऱ्हा आज आपल्याला नीट समजून घ्यायच्या आहेत.

पहिली तऱ्हा म्हणजे आरसा. इंग्रजीतही तिला मिररच म्हणतात. लॅपटॉपवर जे, तेच दुसऱ्या पडद्यावर. तुम्ही फाईल शोधताय तीही दिसते, व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाचा निरोप आला तोही दिसतो, थकबाकीची यादीही दिसते. लपवायला जागाच नाही.

दुसरी तऱ्हा म्हणजे पडदा वाढवणं. तिला आम्ही ओसरी म्हणतो. घराला माजघर असतं आणि ओसरी असते. पाहुणा ओसरीवर बसतो, त्याला ओसरीवर मांडलेलं दिसतं. माजघरात काय चाललंय ते त्याला दिसत नाही, आपण मात्र आतबाहेर करत असतो. लॅपटॉपचा पडदा माजघर, भिंतीवरचा पडदा ओसरी. लोकांना दाखवायचं तेवढंच आपण माउसने ओढत ओसरीवर नेतो. बाकीचं सगळं आत राहतं. माउसचा बाण लॅपटॉपच्या उजव्या कडेबाहेर नेला की तो भिंतीवर निघतो, डावीकडे परत आणला की लॅपटॉपवर येतो. पहिल्यांदा करताना बाण हरवल्यासारखा वाटतो. हरवत नाही, पलीकडे गेलेला असतो.

अर्ज भरताना आरसा लावायचा, कारण तिथे बाईचं स्वतःचंच काम चाललंय आणि तिला सगळं दिसलं पाहिजे. बैठकीत ओसरी लावायची, कारण तिथे एकीचं काम सगळ्यांना दिसता कामा नये. तार तीच, लॅपटॉप तोच, पडदाही कधी कधी तोच. प्रसंग बदलला की तऱ्हा बदलायची.

ती बदलायची कशी? लॅपटॉपच्या खालच्या ओळीत, डाव्या कोपऱ्याजवळ, विंडोजची चार चौकटींची खूण असलेलं एक बटण असतं. लिनक्समध्ये त्याला सुपर बटण म्हणतात. ते दाबून धरायचं आणि इंग्रजी 'पी' अक्षर दाबायचं. पी म्हणजे प्रोजेक्टरचा पी, असं लक्षात ठेवा. आमच्या मिंट एक्सएफसीईवर एक छोटी चौकट उघडते आणि तिच्यात पर्याय येतात: फक्त लॅपटॉप, दोन्हीकडे सारखं, वाढवलेला पडदा, आणि फक्त दुसरा पडदा. नाव वाचता आलं नाही तरी शेजारच्या चित्रावरून कळतं. उबुंटू असेल किंवा केडीईचं लिनक्स असेल, तिथेही सुपर आणि पी हीच जोडी चालते, चौकटीचं रूप तेवढं वेगळं.

यातला 'फक्त दुसरा पडदा' हा पर्याय बैठकीत कधी घेऊ नका. त्यात लॅपटॉप काळा होतो आणि सगळं काही भिंतीवर चालतं. माजघर बंद करून ओसरीवरच संसार मांडल्यासारखं. शिवाय प्रोजेक्टरची वीज गेली की तुम्ही आंधळ्या. कार्यालयात मोठ्या मॉनिटरवर एकटीने काम करायचं असेल तेव्हा तो पर्याय ठीक.

पडद्याच्या मुख्य सेटिंगमध्ये जाऊन काही बदललं तर संगणक विचारतो, हे असंच ठेवू का? आणि आकडे उलटे मोजायला लागतो. उत्तर नाही दिलं तर काही सेकंदांत सगळं आधी होतं तसं होतं. ही सोय फार मोलाची आहे. बदल केला आणि दोन्ही पडदे काळे पडले, तर घाबरून दहा बटणं दाबायची नाहीत. हात मांडीवर ठेवायचे आणि वीसपर्यंत मोजायचं. पडदा परत येतो. आमच्या प्रत्येक प्रशिक्षणात ही एक गोष्ट आम्ही मुद्दाम करून दाखवतो, कारण बाई संगणकाला भिते ती बहुतेक या काळ्या पडद्यालाच.

आता बैठकीत ओसरी लावल्यावर हिशेब दाखवायचा कसा, ते सांगतो. लिब्रेऑफिसचं कॅल्क, म्हणजे ज्यात आपण रकान्यांचा हिशेब ठेवतो, त्यात वरच्या यादीत 'विंडो' नावाचा शब्द आहे. त्यात 'न्यू विंडो' दाबलं की तीच फाईल दुसऱ्या खिडकीत उघडते. ही फाईलची दुसरी प्रत नाही. एकाच घराला दोन खिडक्या असाव्यात तसं ते आहे. एका खिडकीत आपण सदस्यवार पान उघडं ठेवायचं, ती लॅपटॉपवर. दुसऱ्या खिडकीत एकूण गोषवाऱ्याचं पान उघडायचं, आणि ती खिडकी ओढून भिंतीवर न्यायची. मग बैठक चालू असताना एखाद्या ताईने हप्ता भरला, तर तो तुम्ही लॅपटॉपवर तिच्या नावासमोर मांडता, आणि भिंतीवर एकूण वसुलीचा आकडा तिथल्या तिथे बदलतो. कुणी भरला ते सगळ्यांना दिसत नाही, पण किती जमले ते दिसतं. गोषवाऱ्याच्या पानात सदस्यवार पानातल्या बेरजा आधीच जोडून ठेवाव्या लागतात, एवढी तयारी घरी करून यायची.

याच तऱ्हेने लिब्रेऑफिसच्या इम्प्रेसमध्ये चित्रांची माहिती दाखवली, तर ओसरीवर चित्र दिसतं आणि लॅपटॉपवर पुढचं चित्र, आपली टिपणं आणि घड्याळ दिसतं. बोलताना कागद धरायला नको.

एक बारीक गोष्ट. व्हॉट्सअ‍ॅपचे किंवा ईमेलचे निरोप पडद्याच्या कोपऱ्यात टपकतात. एक्सएफसीईत सूचनांच्या सेटिंगमध्ये 'व्यत्यय नको' असं एक बटण आहे, ते बैठकीआधी चालू करायचं. सूचना मुख्य पडद्यावरच दाखवायच्या, असंही तिथे ठरवता येतं. मुख्य पडदा म्हणून लॅपटॉपच निवडा. मुख्य पडदा म्हणजे ज्याच्यावर खालची पट्टी आणि मेन्यू असतो तो.

आणि पडद्यांची जागा. पडद्याच्या सेटिंगमध्ये दोन चौकोन दिसतात, एक लॅपटॉपचा, एक दुसऱ्याचा. भिंत तुमच्या डाव्या हाताला असेल तर तो चौकोन माउसने ओढून डाव्या बाजूला ठेवा. नाहीतर भिंत डावीकडे आणि बाण उजवीकडून निघतोय, असा गोंधळ होतो आणि पन्नास बायांसमोर माउस घुसळत बसावं लागतं.

दर वेळी हे सगळं नव्याने करायला लागलं तर कोण करणार? म्हणून मांडणीला नाव देऊन ठेवता येतं. एक्सएफसीईत 2019 च्या 4.14 या आवृत्तीपासून ही सोय आली आहे. पडदे हवे तसे लावायचे, पक्के करायचे, मग त्याच सेटिंगच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' भागात जाऊन ती मांडणी नावाने जपून ठेवायची. आम्ही तीन नावं ठेवली आहेत: 'अर्ज', 'बैठक' आणि 'एकटा'. नावं मराठीतच ठेवली. कारण ज्या दिवशी नेहमीची ताई बाळंतपणाला माहेरी गेलेली असते, त्या दिवशी दुसरीला यादीत आपल्या भाषेतलं नाव दिसतं आणि ती ते निवडते. तिला कुणाला फोन करावा लागत नाही. 'प्रोफाईल वन', 'प्रोफाईल टू' अशी नावं ठेवली की तो संगणक परत एकाच माणसाच्या ताब्यात जातो.

ओळखीचा पडदा जोडल्यावर मांडणी आपोआप लागावी, अशीही खूण तिथे करता येते. संगणक पडदा ओळखतो कसा, याची गंमत सांगतो. प्रत्येक मॉनिटर, टीव्ही, प्रोजेक्टर तार जोडल्याबरोबर लॅपटॉपला एक ओळखचिठ्ठी पाठवतो: मी अमक्या कंपनीचा, अमक्या जातीचा, माझी अक्षरं इतकी बारीक निघतात. काही जण आपला अनुक्रमांकही सांगतात. या चिठ्ठीचा नमुना 1994 साली ठरला आणि जगभर तोच चालतो. ती वाचून लॅपटॉपला कळतं की हा समाजमंदिरातला टीव्ही आहे आणि हा कार्यालयातला मॉनिटर. जीनोम आणि केडीई या लिनक्सच्या दुसऱ्या रूपांत तर हे लक्षात ठेवणं बहुतेक आपोआपच चालतं.

पण इथेच सावध राहायचं. संगणकाला पडदा कळतो, प्रसंग कळत नाही. मागच्या सोमवारी त्याच टीव्हीवर आरसा लावून तुम्ही मुलींना सिनेमा दाखवला असेल, तर या सोमवारी बैठकीत तार जोडताच तो आरसाच लावेल. आणि आरसा लागला की जे उघडं असेल ते भिंतीवर. त्यामुळे एकच पडदा दोन कामांना वापरत असाल तर आपोआपची खूण काढून टाका आणि हाताने निवडा. काहीही असो, तार जोडायच्या आधी सदस्यांची पानं बंद करायची सवय लावून घ्या. आमच्याकडे ही सवय आता चपला बाहेर काढण्यासारखी झालीये.

लिनक्स बसवून देणारी मुलं-मुली हे ऐकत असतील तर त्यांच्यासाठी चार वाक्यं. ज्या रूपात अशी नावाने जपण्याची सोय नाही, तिथे ऑटोरँडर नावाची छोटी प्रणाली घाला. तीही याच ओळखचिठ्ठ्यांवरून मांडणी ओळखते आणि नावाने जपते. ती एक्स-इलेव्हन नावाच्या जुन्या पद्धतीवर चालते. नव्या वेलँड पद्धतीवर चालत नाही, तिथे कान्शीसारखी वेगळी साधनं आहेत. आणि एक विनंती: पडद्यावर प्रत्येक मांडणीचं एक चित्र करून ठेवा, म्हणजे ताईला टायपिंग करावं लागणार नाही.

आता विजेचं. आपल्याकडे बैठकीच्या मधोमध वीज जाणार हे धरूनच चालायचं. वीज गेली की भिंतीवरचा पडदा विझतो, लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो. पण हिशेबाची जी खिडकी आपण ओसरीवर नेली होती ती परत येत नाही. कुठे गेली? ती अजून ओसरीवरच आहे. व्हीजीए आणि एचडीएमआयच्या तारेत पडद्याच्या ओळखचिठ्ठीला लागणारी किंचितशी वीज लॅपटॉपच देत असतो. त्यामुळे पडदा विझला तरी चिठ्ठी वाचता येते आणि लॅपटॉपला वाटतं, पडदा आहे. बऱ्याच जणींना वाटतं की फाईल उडाली. फाईल कुठे जात नाही. तार काढून घ्या. बहुतेक वेळा लॅपटॉपला लगेच कळतं की ओसरी गेली, आणि खिडक्या माजघरात परत येतात. तरी एखादी अडकली, तर खालच्या पट्टीवर तिच्या नावावर एकदा दाबा, मग ऑल्ट आणि एफ-सात दाबा, आणि बाणांच्या बटणांनी तिला ओढत आणा. आली की एंटर. नाहीतर सरळ सुपर आणि पी दाबून 'फक्त लॅपटॉप' निवडा. आणि हिशेब मांडताना दर थोड्या वेळाने कंट्रोल-एस दाबून जतन करत राहा. हे आम्ही न सांगताही तुम्ही करत असाल.

झाकणाचंही एक आहे. लॅपटॉपला मॉनिटर जोडलेला असताना झाकण लावलं तर लिनक्स सहसा झोपत नाही, सगळं मॉनिटरवर जातं. म्हणजे बैठक संपली म्हणून तुम्ही झाकण लावलं आणि तार तशीच राहिली, तर माजघरातलं सगळं ओसरीवर येऊ शकतं. आधी तार काढायची, मग झाकण लावायचं.

तारांचं थोडंच सांगतो. निळ्या टोकाची, पंधरा पिनांची ती व्हीजीए. जुन्या प्रोजेक्टरला तीच लागते. तिच्यातून चित्र जातं, आवाज जात नाही, आवाजासाठी वेगळा स्पीकर घ्या. चपट्या टोकाची एचडीएमआय, तिच्यातून आवाजही जातो, पण कधी कधी आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन टीव्ही निवडावा लागतो. व्हीजीएची फार स्वस्त तार घेऊ नका. काहींमध्ये पिना कमी असतात, त्यामुळे ओळखचिठ्ठी पोहोचतच नाही, आणि चांगल्या मॉनिटरवरही अक्षरं जाडीभरडी दिसतात. अक्षरं फुगल्यासारखी दिसण्याचं दुसरं कारण आरसा. बऱ्याच जुन्या प्रोजेक्टरची रुंदी 1024 ठिपक्यांची असते, लॅपटॉपची 1366. आरसा लावला की दोघांना जमेल असं माप घ्यावं लागतं आणि लॅपटॉपचं चित्र बिघडतं. ओसरी लावली की दोघं आपापल्या मापाने चालतात.

खर्चाचंही कुणी विचारेल. दुसरा पडदा नवा घ्यायची गरज नाही. शहरात जुने मॉनिटर विकणारी दुकानं आहेत, कचेऱ्या आणि शाळा जुने काढून टाकतात. कधी एखाद्या घरी पडून असलेला टीव्हीही चालतो. फक्त मागचं भोक आणि आपल्या लॅपटॉपचं भोक जुळतंय का ते आधी बघा. नाही जुळलं तर मधला जोड घ्यावा लागतो. लॅपटॉपला एचडीएमआय आणि प्रोजेक्टरला व्हीजीए, असं असेल तर साधी तार चालत नाही. तिथे आतून चित्राचं रूप बदलणारा जोड लागतो, तसं सांगूनच मागा.

अर्ज भरायच्या टेबलावर मॉनिटर ठेवताना त्याचं तोंड बाईकडे असावं, रांगेकडे नसावं. खुर्ची भिंतीला टेकून ठेवली तर तिच्या पाठीमागून कुणी डोकावत नाही. आधारची प्रत मागताना जिथे चालत असेल तिथे मास्क्ड आधार घ्या. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. पुढची बाई बसायच्या आधी आधीच्या बाईचा अर्ज बंद करायचा. आणि अर्ज पाठवायचं बटण दाबण्याआधी तिला विचारायचं, "ताई, तुमचं नाव वाचून बघा, आकडा जुळतोय का बघा." तिला वाचता येत नसेल तर एकेक अक्षर बोटाने दाखवत मोठ्याने वाचायचं. पण आकडा मोठ्याने वाचायचा नाही, तो तिने पासबुकाशी डोळ्यांनी जुळवायचा.

सराव करायचा तर खऱ्या हिशेबावर करू नका. एक कोरी फाईल घ्या, तिच्यात वांगी, मिरची, टोमॅटो अशी नावं घाला आणि खोटे आकडे टाका. वांग्याची थकबाकी भिंतीवर दिसली तर कुणाचं काही बिघडत नाही. दोघी-दोघींनी बसा. एकीने लॅपटॉपवर काम करायचं, दुसरीने भिंतीकडे बघून मोठ्याने सांगायचं, "मला हे दिसतंय, मला ते दिसतंय." मग जागा बदला. वांगी भिंतीवर न दाखवता एकूण वसुली दाखवता आली, आणि मध्येच प्रोजेक्टरची वीज बंद करून खिडकी परत आणता आली, की तुम्ही बैठकीला तयार. एका दुपारचं काम आहे. तार गुंडाळताना टोकाजवळ मुडपू नका, सैल गोल वेटोळं करा आणि खिळ्याला टांगा.